शेगडीसमोरचा पांढरा डाग

१

"तुमच्या औषधानं आमची फरशी खराब झाली आणि तुमच्या बाईनं आमची अंगठी नेली."

शुक्रवारी सकाळी साडेनऊला फोनवर हे असं एका दमात ऐकलं. नमस्कार नाही, कशा आहात नाही. मी गाडीच्या डिकीत सीलरचे कॅन भरत होते. हातातला कॅन खाली ठेवला आणि म्हटलं, "येते."

माझा धंदा फरश्यांचे सांधे बंद करण्याचा. दोन टाइल्सच्या मधल्या फटीत जे भरलेलं असतं त्याला ग्राउट म्हणतात. ते मोठं अधाशी असतं. तेल, चहा, साबणाचं पाणी, जे सांडेल ते पितं आणि काळं पडतं. आम्ही ते घासून धुतो, वाळवतो आणि त्यावर सीलर लावतो, म्हणजे पुढे ते काही पीत नाही. बावीस वर्षं मी हेच करतेय. ओळखीचे लोक मला सांधेडॉक्टर म्हणतात. त्यावर विश्वास ठेवून गुडघे दाखवायला आलेल्या दोन आजींना मी परत पाठवलंय.

माझ्याबरोबर माझी धाकटी जाऊ असते. आम्ही तिला नुसतं धाकटी म्हणतो. नऊ वर्षं आम्ही दोघी गुडघ्याला गाद्या बांधून लोकांच्या स्वयंपाकघरांतून रांगतोय. मी बोलते, ती काम करते, असं माझा नवरा म्हणतो आणि त्यात तथ्य आहे.

फोनवरचं ऐकून तिचा चेहरा उतरला. "ताई, मी तिथं कशालाही हात लावला नाही," ती म्हणाली.

"मला सांगायची गरज आहे का?"

"तुला नाही. त्यांना आहे."

तिचं बरोबर होतं. आम्ही परक्या घरात शिरतो ते थेट चुलीपर्यंत. डबे उघडे, कपाटं उघडी, कधी घरात कुणी नसतं. लोक आमच्यासाठी दार उघडतात ते आमच्या तोंडाकडे बघून. त्या तोंडावर एकदा चोर असा शिक्का बसला की धाकटीला पुन्हा कुणी उंबरा ओलांडू देणार नव्हतं. फरशी परत घासता येते, हे घासून जाणारं नव्हतं.

त्या घराच्या पायऱ्यांवर फोन करणारी, घरची सून, उभीच होती. शाळेच्या कार्यालयात नोकरी, आवाज तिथलाच. "संध्याकाळी पाचपर्यंत अंगठी आली नाही तर आम्ही पोलिसांत जाणार," ती म्हणाली. मग धाकटीकडे बोट केलं. "आणि ही आत येणार नाही."

धाकटीनं गुडघ्याच्या गाद्या माझ्या हातात दिल्या आणि पायरीवर बसली. मला इतका राग आला की मी चपला काढताना एक चप्पल लांब उडवली.

२

अंगठी कुणाची आणि कुठली, ते आधी समजून घेतलं.

अंगठी सासूबाईंची. बारीक सोन्याची, वर निळा खडा. सासूबाई जाऊन वर्ष झालं. अंगठी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, जुन्या बिस्किटाच्या डब्यात असायची. सोमवारी रात्री सुनेनं ती पाहिली होती. मंगळवारी सकाळी आम्ही काम केलं. गुरुवारी संध्याकाळी डबा उघडला तर आत फक्त कापूस.

"मंगळवारी तुम्ही साडेअकराला दुसरीकडे माप घ्यायला निघून गेलात," सून म्हणाली. "साडेबारापर्यंत ती एकटीच आत होती. मी बाहेरच्या खोलीत होते. मग आम्ही दोघी बरोबरच बाहेर पडलो. हे कामावर होते, मी पाचला परत आले."

"आणि बुधवार, गुरुवार?"

"बुधवारी दुपारनंतर आम्ही स्वयंपाकघर वापरायला लागलो. पण घरातलीच माणसं ती. घरातलं कोण कशाला नेईल?"

घरातल्या माणसांवर एवढा विश्वास असलेली घरं मी फार पाहिली नाहीत. पण ते मनातच ठेवलं.

घरातली माणसं म्हणजे चौघं. सून, तिचा नवरा म्हणजे या घरचा मुलगा, त्याची बहीण म्हणजे लेक, आणि त्या दोघांचे वडील. बहीण चार गल्ल्या पलीकडे राहते, पण दिवसाआड इथंच असते. आजही होती. सोफ्याच्या टोकाला बसून डोळे पुसत होती.

"आईची एकच वस्तू होती हो," लेक म्हणाली. "उद्या शनिवारी आम्ही सोनाराकडे जाणार होतो. ती वितळवून दोन जोड कुड्या करणार होतो, एक वहिनीला, एक मला. वाद नको म्हणून. सोमवारी इथंच बसून ठरवलं."

"अंगठी तुम्हाला पाहिजे होती का तशीच?"

"पाहिजे होती," ती लगेच म्हणाली. "हिलाही पाहिजे होती. म्हणून तर वितळवायची ठरली."

"मंगळवारी तुम्ही आला होतात?"

"संध्याकाळी सहाला. स्वयंपाकघराच्या दारावर तुमचा कागद होता ना, चोवीस तास पाय नको, पाणी नको. बाहेरूनच बघितलं. प्यायला पाणीसुद्धा न्हाणीघरातल्या नळाचं प्यायले."

तो कागद मी प्रत्येक घरी चिकटवते. सीलर सांध्यात मुरून घट्ट व्हायला एक अख्खा दिवस घेतो. तोवर त्याला पाणी चालत नाही. हे मी मंगळवारी काम सुरू करायच्या आधी सुनेला आणि मुलाला समोर बसवून सांगितलंही होतं. मुलानं तर मला तीन प्रश्न विचारले होते. थेंबभर पाणी पडलं तर? पडलं तर कोरडं टिपा. ओलं फडकं? अजिबात नको. आणि सीलर उरला तर? उरला तर अर्धा कॅन मागच्या ओसरीत ठेवून जाईन, तुमचाच आहे.

मुलगा कुठल्याशा कार्यालयात हिशेबनीस होता. आज रजा काढून घरी थांबला होता. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं. त्याच्या डाव्या अंगठ्यावर एक जुना पांढरा व्रण होता. तसे व्रण मी ओळखते. ते टाइल कापायच्या यंत्राचे असतात.

"तुम्ही हे काम केलंय," मी म्हटलं.

तो जरा ओशाळला. "वीस वर्षांचा होईपर्यंत. बाबांच्या हाताखाली. बाबा फरशीचे मिस्त्री होते. ही फरशी त्यांनीच बसवली, त्यांच्या लग्नाच्या वर्षी. नंतर मी नोकरीला लागलो आणि सुटलो."

"बाबांशी बोलते जरा."

नवरा-बायको दोघंही एकदम उठले. "त्यांना यातलं काही कळता कामा नये," सून आवाज खाली आणून म्हणाली. "हृदय नाजूक आहे. आम्ही त्यांना काही सांगत नाही. अंगठी गेल्याचंही सांगितलेलं नाही."

"मंगळवारच्या कामाचं?"

"ते झोपले होते. कशाला उठवायचं?"

मी फक्त हाक मारून येते म्हटलं. बाबांची खोली मागच्या ओसरीवर होती. स्वयंपाकघराला दोन दारं होती, एक बाहेरच्या खोलीतून आणि एक या ओसरीवरून. बाबा खाटेवर बसले होते. मांडीवर कपबशी होती आणि कप बशीत सारखा किणकिणत होता. दोन्ही हात थरथरत होते. अर्धा चहा बशीत सांडलेला.

"फरशीवाल्या बाई ना तुम्ही?" ते म्हणाले. "सोमवारी माप घ्यायला आला होतात तेव्हा पाहिलं. सांध्याचा रंग कसा जुळवता?"

मी खिशातली रंगांची पट्टी काढून दिली. त्यांनी कप बाजूला ठेवला, पट्टी धरली आणि तिसऱ्या रंगावर नख टेकवलं. "हा. पण एक चिमूट पिवळा जास्त हवा."

अगदी बरोबर होतं ते. मला हसू आलं. मी पट्टी घेतली आणि निघाले. त्या वेळी जे बघितलं त्याकडे मी लक्षच दिलं नाही, हे कबूल करते. माझ्या डोक्यात मुलाच्या अंगठ्यावरचा व्रण घोळत होता.

३

आता डाग.

तो शेगडीच्या बरोबर समोर होता. दीड वीत लांब, वीतभर रुंद, दुधाची साय धरल्यासारखा धुरकट पांढरा. सुनेला तो बुधवारी संध्याकाळी फरशी पुसताना दिसला होता. मी गाद्या बांधून खाली बसले. डागाच्या दोन कडा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ होत्या.

सांडलेल्या पाण्याला सरळ कडा नसतात. घडी घातलेल्या फडक्याला असतात. कुणीतरी ताज्या सीलरवर ओलं फडकं घडी करून ठेवलं होतं आणि एकदोन तास तरी ठेवलं होतं. सीलर घट्ट होण्याआधी पाणी अडकलं की तो असा पांढरा पडतो. हे झालं होतं मंगळवारी दुपारी साडेबारा ते बुधवारी दुपारी साडेबाराच्या आत. नंतर फडकं ठेवलं असतं तर डाग पडलाच नसता.

मी हे कुणाला सांगितलं नाही. मी फार बोलते असं म्हणतात, पण कामावर असताना मला गप्प बसता येतं.

खिशातून डोळ्यांच्या औषधाची जुनी बाटली काढली. तिच्यात साधं पाणी असतं. काम झालं की आम्ही प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब टाकतो. सांधा बंद असेल तर थेंब वर तसाच गोल उभा राहतो. उघडा असेल तर पाणी आत शिरतं आणि तेवढी जागा काळसर होते. मी दारापासून सुरुवात केली. थेंब उभा. पुढचा उभा. कपाटाखाली, ओट्याच्या कडेनं, कोपऱ्यात, सगळे उभे. धाकटीचं काम तसंच असतं.

मग डागाच्या मधोमध आले. थेंब टाकला आणि तो गेला. डोळ्याची पापणी लवायच्या आत सांध्यानं तो पिऊन टाकला. त्या एकाच फरशीच्या चारही बाजूंना थेंब टाकले. चारही प्यायले. कुठंतरी पाणी मुरतंय असं आपण बोलताना सहज म्हणतो, मी ते डोळ्यांनी बघत होते.

मागे तिघंही येऊन उभी होती.

"म्हणजे हे सांधे तुमच्या बाईनं सोडून दिले," सून म्हणाली. "कामही नीट नाही."

"थांबा जरा." मी छोटी पट्टी घेऊन सांधा किंचित खरवडला. जुना सांधा दगडासारखा असतो, सहज खरवडत नाही. हा पिठासारखा सुटला. आत पांढरा, वरून हलका पिवळा. पिवळ्याला मी बोट लावून वास घेतला. चहा. जुने मिस्त्री पांढऱ्या सिमेंटच्या सांध्यावर चहाचं पाणी फिरवतात, म्हणजे नवा सांधा जुन्यात मिसळून जातो. आता कुणी करत नाही, सगळे रंग डब्यात मिळतात.

"हा सांधा सोडलेला नाही," मी म्हटलं. "हा नवा आहे. आम्ही गेल्यानंतर कुणीतरी ही फरशी उचलली, परत बसवली आणि सांधा भरला. फरशी आधीपासून सैल होती. सोमवारी टकटक करून बघताना तिचा आवाज पोकळ आला होता, तेव्हा मी तुम्हाला सांगितलंही होतं."

लेकीनं तोंडावर हात ठेवला. "म्हणजे अंगठी खाली आहे?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू? पण धाकटी त्या दिवशी अख्खी फरशी उचलून, परत बसवून, सांधा भरून गेली आणि बाहेर बसलेल्या तुम्हाला ठोका ऐकू आला नाही, असं तुम्हाला वाटतं का?"

मुलगा गुडघ्यावर बसला. त्यानं बोट त्या सांध्यावरून हळूच फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"फरशी मी काढली," तो म्हणाला. "अंगठी मी ठेवली."

४

त्यानंतर जे झालं ते नवरा-बायकोतलं होतं, मी इथं सगळं लिहीत नाही. "तू?" एवढं सून तीनदा म्हणाली. लेक रडायची थांबली होती.

"का?" सुनेनं विचारलं.

"सांभाळून ठेवायला."

"डब्यात सांभाळलेली नव्हती?"

तो ताकास तूर लागू देईना. नुसता म्हणत राहिला, मी केलं, माझी चूक झाली, बाहेरच्या बाईंची माफी मागतो, विषय संपला.

माझं काम खरं तर तिथं झालं होतं. धाकटी सुटली होती. पण तो खोटं बोलत होता आणि खोट्यावर सोडवलेलं मला नको होतं. आज तो कबूल झाला, उद्या फिरला तर? शिवाय मला चुकीचा सांधा भरलेला बघवत नाही.

"दादा," मी म्हटलं, "हा पांढरा डाग कसा पडला?"

त्यानं डागाकडे बघितलं. "तुमचा सीलर कमीजास्त लागला असेल."

"नाही. कुणीतरी इथं ओलं फडकं ठेवलं होतं. ज्यानं सांधा भरला त्यानंच. तुम्ही ठेवलंत?"

"हो... ठेवलं असेल."

"तुम्ही ठेवणार नाही. मंगळवारी तुम्ही मला मुद्दाम विचारलं होतं, ओलं फडकं चालेल का, आणि मी नको म्हटलं होतं. आणि तुम्ही सांधा भरला असतात तर त्यावर सीलर लावला असता. अर्धा कॅन ओसरीत होता, तुम्हाला माहीत होता. सीलर लावला असता तर हा थेंब उभा राहिला असता आणि मला काही कळलंच नसतं."

तो खाली मान घालून बसला.

"फडकं कोण ठेवतं ते सांगते," मी म्हटलं. "सिमेंटला पाणी पाजलं पाहिजे, नाही तर ते भुसभुशीत राहतं, असं ज्याला शिकवलेलं असतं तो. सांधा भरला की तो त्यावर ओलं फडकं ठेवणारच. हात आपोआप तिकडे जातो. पण ज्याला माझं बोलणं ठाऊक होतं त्यानं ठेवलं नसतं. तुम्हाला सांगितलं होतं. सूनबाईंना सांगितलं होतं. ताई सहाला आल्या तेव्हा त्यांनी कागद वाचला, पाणीसुद्धा न्हाणीघरातलं प्यायल्या. धाकटीला तर हे झोपेतही पाठ आहे. कागद एकच होता, बाहेरच्या खोलीकडच्या दारावर. ओसरीकडच्या दारावर नव्हता."

ही माझी चूक होती. धाकटी म्हणाली होती, ताई, मागच्या दारावरही लावू या. मी म्हटलं होतं, तिकडून कोण येतंय.

"ज्याला कुणी काहीच सांगत नाही," मी म्हटलं, "असं या घरात कोण आहे?"

तेवढ्यात ओसरीकडून कपबशीची किणकिण ऐकू आली आणि सगळ्यांनी तिकडे बघितलं.

५

"शक्य नाही," सून कुजबुजली. "त्यांना कप धरवत नाही. शर्टाची बटणंसुद्धा मी लावून देते. ते फरशी कशी उचलतील?"

"कप धरताना हाताला काही काम नसतं, म्हणून थरथरतो," मी म्हटलं. "मघाशी त्यांनी माझी रंगांची पट्टी धरली आणि नख बरोबर एका रंगावर टेकवलं. हात अगदी स्थिर होता. मी बघितलं आणि तरी मला दिसलं नाही. हाताला कामाला लावलं की थांबतो. माझ्या वडिलांचा असाच होता, शेवटपर्यंत शिलाई करायचे."

मुलगा हळू आवाजात बोलला. "सांध्यावर अंगठा फिरवायची त्यांची पद्धत आहे. टोकाला आले की किंचित वर उचलतात. मी दहा वर्षं तो सांधा बघत मोठा झालो. बोट लावलं तेव्हाच कळलं. त्यांना काही होऊ नये म्हणून बोललो."

"त्यांनी सोमवारचं तुमचं बोलणं ऐकलं असणार," मी दोघींना म्हटलं. "सोमवारी मी इथं माप घेत होते तेव्हा मलाच शब्द न् शब्द ऐकू येत होता. कुड्यांना खडे कुठले लावायचे तेसुद्धा. मंगळवारी साडेबारा ते पाच घरात ते एकटेच होते."

"त्यांना विचारायचं नाही," सून म्हणाली, पण आता तिच्या आवाजात जोर नव्हता. "काही झालं तर?"

तेव्हा मी रागावले. "बाई, पायरीवर माझी जाऊ बसलीय. नऊ वर्षांत तिनं कुणाच्या घरातला खडीसाखरेचा खडा उचलला नाही. तुम्हाला तुमचे सासरे नाजूक वाटतात, ती काय लोखंडाची आहे का?"

मी ओसरीवर गेले. कुणी अडवलं नाही. बाबांसमोर जमिनीवरच बसले.

"बाबा, शेगडीसमोरची फरशी तुम्ही उचललीत?"

त्यांनी कप खाली ठेवला. "कुणीतरी विचारेल म्हणून मी शनिवारची वाट बघत होतो," ते म्हणाले. "आज विचारलंत. बरं झालं."

"त्या अंगठीपायी एका बाईवर चोरीचा आळ आलाय. मंगळवारी फरशी पुसत होती ती. बाहेर पायरीवर बसलीय. पाच वाजता पोलिसांकडे जाणार आहेत."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मला आधी भीती वाटली, खरंच काही होतंय की काय. पण त्यांना राग आला होता. चांगला निरोगी राग.

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून."

"हा त्रास नाही?" ते म्हणाले. त्यांनी खाटेखाली हात घातला आणि एक लाकडी पेटी ओढली. तिच्यात करणी, छिन्नी, छोटा हातोडा आणि पांढऱ्या सिमेंटची बांधलेली पिशवी होती. "चला. हात द्या मला."

मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन ते शेगडीसमोर बसले. छिन्नी हातात घेतली आणि थरथर थांबली. तीन ठोके, हलके. करणीचं टोक फटीत गेलं आणि फरशी एकही कपचा न उडता वर आली. खाली औषधाच्या गोळ्यांची छोटी डबी होती. डबीत अंगठी.

लेक खाली बसली आणि वडिलांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडायला लागली.

"तुझ्या आईनं ही अंगठी दिवसा कधी घातली नाही," बाबा म्हणाले. "हात सतत पिठात, पाण्यात. सगळं आवरलं की इथंच उभी राहून घालायची. मग मला म्हणायची, आता बोला काय ते. तुम्ही ती वितळवणार होतात. कुड्या झाल्या की ही अंगठी कुठं राहिली? विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. पण तुम्ही मला विचारत नाही. हळूच बोलता, दार लोटून घेता. मग म्हटलं, मीही दार लोटून घेतो."

सून ओट्याला टेकून उभी होती. मग म्हणाली, "चुकलं, बाबा."

"माझंही चुकलं. पण आता बाहेर आलीच आहे तर बाहेर राहू दे. सहा महिने हिनं घालावी, सहा महिने तिनं. भांडायचं तर भांडा. वितळवू नका."

६

सूनबाई माझ्याकडे वळल्या आणि हात जोडायला लागल्या. मी म्हटलं, "मला नको. बाहेर."

त्या बाहेर गेल्या. मीही मागोमाग गेले, कारण मला ते ऐकायचं होतं. मोठ्या मनाची नाही मी. त्या पायरीवर धाकटीच्या शेजारी बसल्या, साडीला धूळ लागेल याचा विचार न करता, आणि जे झालं ते सगळं सांगितलं. आपण घरच्यांना सोडून आधी परक्याकडे बोट दाखवलं, हेही सांगितलं. रडल्याही. धाकटी ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, झालं, मिटलं. माझी घाई होते नेहमी.

बाबांनी ती फरशी त्याच दिवशी स्वतः परत बसवली आणि सांधा भरला. नव्या सांध्याला तीन दिवस वाळायला लागतात, मगच सीलर. शिवाय पांढरा डागही काढायचा होता. सोमवार ठरला. सूनबाई आत जाऊन आल्या आणि घराची किल्ली धाकटीपुढे धरली.

"सोमवारी आम्ही दोघंही कामावर असू," त्या म्हणाल्या. "तुम्ही या. उघडा, काम करा, किल्ली परत पाठवायचीही घाई नाही."

त्यांनी ते मनापासून केलं होतं, माझी खात्री आहे. धाकटीनं किल्लीकडे बघितलं. हात पुढे केला नाही.

"किल्ली नको," ती म्हणाली. "काम मी करीन. पण मी आत असेन तोवर तुमच्यापैकी कुणीतरी समोर बसायचं. इथंच नाही. यापुढे सगळ्याच घरी."

सूनबाईंचा हात तसाच राहिला. नऊ वर्षं जी बाई रिकाम्या घरांतून निर्धास्त वावरली होती, तिचं ते निर्धास्तपण त्या एका सकाळी गेलं होतं, आणि अंगठी सापडली तरी ते सापडलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

दारात बाबा येऊन उभे राहिले होते. "मी बसतो," ते म्हणाले.

सोमवारी दहाला आम्ही पोचलो. दार त्यांनीच उघडलं. घरात ते एकटेच होते. धाकटीनं गाद्या बांधल्या, ब्रश काढला आणि त्यांच्याकडे बघून थांबली. त्यांनी एक खुर्ची ओढत आणली, स्वयंपाकघराच्या दारात ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले. बारा वाजेपर्यंत त्यांनी एकदाही मान वळवली नाही.